ढोल-ताशा स्पर्धा: गुण वादनाला की पथकाच्या नावाला?

गोदाकाठकर
गणपती जवळ आले की नाशकात स्पर्धांचे मांडव पडतात आणि निकाल लागला की कुजबुज ठरलेली: "नाव बघून दिलं." माझं मत, नावाचा परिणाम होतो. त्यासाठी पंचाने लबाडी करायचीही गरज नसते. निवेदक आधी पाच मिनिटं पथकाची बिरुदावली वाचतो, मग झेंडा येतो, ढोलाच्या पानावर, म्हणजे वाजवायच्या पडद्यावर, नाव छापलेलं, शेल्यावर नाव. पहिला ठोका पडायच्या आत पंचाच्या डोक्यात आकडा बसलेला असतो. फिगर स्केटिंगमध्ये २००४ साली फिंडले आणि स्टे-मारी या संशोधकांनी हे तपासलं: ज्या पंचांना खेळाडू माहीत होते त्यांनी तांत्रिक गुण जास्त दिले. आपले पंच काय आकाशातून पडलेत?

टिपरू_आणि_थापी
नाव मोठं होतं ते वाजवूनच ना? ज्या पथकाचा सराव जूनपासून चालतो, ताशे एका सुरात लावलेले असतात, हात (ठेका) बदलताना एकही टिपरू, म्हणजे ढोलाची काठी, मागे राहत नाही, ते दर वर्षी वर येणारच. सातत्याला पक्षपात म्हणायचं असेल तर बोलणंच खुंटलं. हरलेल्या पथकाने आधी स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकावं. पहिल्या मिनिटाची लय मोजा, शेवटच्या मिनिटाची मोजा. मिनिटाला १०५ ठोक्यांवर सुरू करून १२५ वर संपवता आणि दोष पंचाला?

गोदाकाठकर
लय पळाली तर गुण कापा, वाद नाही. पण सगळ्यांचे सारखे कापा. मोठ्या पथकाची लय चढली की "जोश", नवख्यांची चढली की "ताबा सुटला". शेऱ्याच्या रकान्यात हेच शब्द येतात.

मात्रामोज
दोघंही जागेचा विचार करत नाही आहात. मेन रोडवर ५० ढोल दोन-दोनच्या रांगेत लावले की २५ ओळी होतात, म्हणजे साधारण ३० मीटर लांबी. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पुढचा ताशा शेवटच्या ओळीला ०.०९ सेकंद उशिरा ऐकू येतो, ती ओळ ऐकून वाजवते, आणि तिचा ठोका पुढे बसलेल्या पंचापर्यंत यायला तेवढाच वेळ. एकूण ०.१८ सेकंद. १२०च्या लयीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे ठोक्याचा तिसरा हिस्सा गेला. तेच पथक डोंगरे वसतिगृह मैदानावर दहा-दहाच्या पाच ओळींत उभं करा, खोली सहा मीटरही होत नाही, वादन एकदम घट्ट.

उपाय माहीत असलेली पथकं मागच्या ओळींना कानावर सोडतच नाहीत. मध्ये एक जण हात वर धरून मात्रा दाखवतो आणि मागचे त्याच्याकडे बघून वाजवतात.

आता नावाचा मुद्दा. ही फाटाफूट २० ढोलांच्या पथकात झाली तर "तुटतंय" म्हणून कापतात आणि १०० ढोलांत झाली तर "भव्यता" म्हणून देतात. कारण गुणपत्रिकेत "एकूण प्रभाव" नावाची पोतडी असते, त्यात काहीही बसतं.

टिपरू_आणि_थापी
मात्रामोज, गणित मान्य. पण प्रभाव काढून टाकायचा का? अमेरिकेतल्या डीसीआय ड्रम कोअर स्पर्धेत, म्हणजे चालत वाजवणाऱ्या ढोल आणि पितळी वाद्यांच्या पथकांच्या स्पर्धेत, १०० पैकी ४० गुण प्रभावालाच असतात, ३० दृश्याला, ३० संगीताला. ते लोक येडे नाहीत. समूहवादन अंगावर आलं पाहिजे.

ताशेवाला
डीसीआयचं उदाहरण उलटं पडतंय भाऊ. तिथे अंतिम फेरीचा क्रम आधीच्या फेरीच्या गुणांवर लागतो, सर्वांत पुढचा सर्वांत शेवटी. म्हणजे शेवटी येणारा भारीच असणार, हे पंच धरूनच बसतो. आणि क्रम चिठ्ठीने ठरवला तरी सुटका नाही. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धेत क्रम चिठ्ठीने लागतो, तरी पहिल्या दिवशी वाजवणारे मागे पडतात असं अर्थतज्ज्ञांनी दाखवलंय. आपल्याकडे तर नामांकित पथकाला गर्दी थांबावी म्हणून शेवटी ठेवतात. ते आधी बंद करा.

गोदाकाठकर
+१. शिवाय चामडी पान असेल तर भाद्रपदातल्या दमट संध्याकाळी थांबणाऱ्याचा ढोल सैल पडतो, तो भाग वेगळाच.

टिपरू_आणि_थापी
फायबर पानं आल्यापासून ते रडगाणं संपलं.

पंचपत्रिका
पाच पंच बसवा, वरचा-खालचा गुण काढा, असं कोणी सुचवायच्या आत सांगतो. ७८, ८०, ८१, ८३, ९५ आले तर सरासरी ८३.४. टोकं काढली की ८१.३. एकटा पंच ढळला तर हे चालतं. पाचही जण नावाने चार-चार गुण वर सरकले असतील तर टोकं काढून काडीचा फरक पडत नाही. आणि एक पंच ६० ते ९५ मध्ये गुण देतो, बाकीचे ७८ ते ८४ मध्ये, तर निकाल तो एकटाच लावतो. गुणांच्या बेरजेऐवजी प्रत्येक पंचाने पथकांना लावलेला क्रमांक घ्या. त्याच्या जोडीला दोन बदल करावेत: लय आणि ताशा यांचा पंच पाठमोरा बसवा, ढोलांच्या रांगेपासून लांब, ताशा दबणार नाही अशा बाजूला. आणि निवेदकाने नावाऐवजी पथकाचा नुसता वादनक्रमांक पुकारावा.

टिपरू_आणि_थापी
पाठमोरा बसवा नाहीतर डोळ्यांवर पट्टी बांधा. नाशकातला जाणता पंच चार मात्रांत ताशेवाल्याचा हात ओळखतो. वर गर्दीचा जल्लोष आहेच.

पंचपत्रिका
मग तो पंच बाहेरगावचा आणा. प्रवासखर्च ट्रॉफीच्या उंचीतून काढा, तीन फुटी ट्रॉफी कोणाच्या घरात मावते?