कोल्हापूर परिसरातील हिवाळी पक्षीनिरीक्षण: रंकाळा, कळंबा, राधानगरी की थेट किनारा?

मंगळवारपेठकर

नमस्कार मंडळी.

माझे वडील यंदा निवृत्त झाले आणि मुलगी सहावीत आहे. दोघांनाही पक्ष्यांची आवड लागल्यामुळे नोव्हेंबरपासून रविवारी सकाळी आम्ही रंकाळ्यावर जातो. वारकरी, बगळे, पाणकावळे, टिबुकली आणि खंड्या हे नेमाने दिसतात. परंतु दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत ज्यांची छायाचित्रे येतात ती परदेशी बदके मात्र आम्हाला अद्याप दिसलेली नाहीत. आम्ही चुकीच्या ठिकाणी जातो आहोत, की चुकीच्या वेळी? कळंबा किंवा राजाराम तलावावर अधिक काही दिसेल का? राधानगरीच्या जंगलात हिवाळ्यात जाण्यासारखे असते का, आणि कोकणच्या किनाऱ्यावरचे पक्षी पाहून एका दिवसात परत येता येईल का, हेही जाणकारांनी सांगावे. दुर्बीण घ्यायची आहे, पण दुकानदार सांगतो ती सर्वांत मोठी आणि सर्वांत महाग घ्यावी, असे वाटत नाही.

पाणथळ

नमस्कार. तुमची वेळ ठीक आहे, पण महिना थोडा लवकरचा आहे आणि तळे तुम्हाला हव्या असलेल्या पक्ष्यांच्या सोयीचे नाही. कोणत्या तळ्यावर जायचे हे त्याच्या नावावरून ठरवू नये. काठावर उभे राहून पाणी किती खोल आहे आणि काठ दगडी आहे की चिखलाचा, एवढे पाहिले तरी तिथे कोण दिसेल याचा बराचसा अंदाज येतो.

थापट्या, तलवार बदक, भुवई बदक ही आपल्याकडे हिवाळ्यात येणारी बदके खोल पाण्यात बुडी मारून खाणारी नव्हेत. ती पाण्याच्या पृष्ठभागावर किंवा फार तर शेपटी वर करून मान पोहोचेल तेवढ्या खोलीवर खातात. थापट्याची चोच टोकाला उलथन्यासारखी रुंद असते आणि तिच्या कडांना आतून बारीक दात्यांचा कंगवा असतो. तो चोच पाण्याला टेकवून पुढे सरकत राहतो. पाणी कडांतून बाहेर पडते आणि सूक्ष्म जीव व बिया आत अडकतात. कित्येकदा पाचसहा थापटे एकामागे एक लागून गोल गोल फिरताना दिसतात. पुढच्याच्या पायांनी ढवळलेले पाणी मागचा गाळून घेत असतो. दुर्बिणीतून हे दृश्य एकदा नीट पाहिले की नुसते नाव ओळखून पुढच्या पक्ष्याकडे वळण्याची घाई उरत नाही. असे खाद्य जिथे मिळते ते पाणी उथळच असावे लागते.

रंकाळा मुळात दगडाची खाण होती असे सांगतात, आणि आज त्याच्या काठाचा मोठा भाग बांधलेला आहे. भिंतीपासूनच पाणी खोल असेल तर तुतवारांना चालायला चिखल मिळत नाही आणि बदकांना मान बुडवून तळ गाठता येत नाही. वारकऱ्याचे तसे नाही. तो बुडी मारून पाणवनस्पती वर आणतो, म्हणून तो तिथे सुखाने राहतो. कळंबा तलावावर बांधाच्या बाजूला हीच गत आहे, पण वरच्या अंगाला, कात्यायनीच्या डोंगराकडून येणारे पाणी जिथे तलावात शिरते तिथे, उतार हळू आहे. राजाराम तलावावरही बांध सोडून वरच्या टोकाला जावे.

आता महिन्याविषयी. आपल्याकडे पाऊस भरपूर पडत असल्याने नोव्हेंबरात तलाव काठोकाठ भरलेले असतात आणि उथळ पट्टा जवळजवळ नसतोच. पाणी वापरले जाऊ लागले आणि ऊन वाढले की डिसेंबरअखेरपासून काठ उघडा पडतो, आणि खरी गंमत जानेवारी-फेब्रुवारीत येते. भिगवणलाही हेच घडते: उजनी धरणाचे पाणी ओसरून दलदल उघडी पडल्यावरच रोहित पक्षी मोठ्या संख्येने दिसू लागतात. नोव्हेंबरात दसपट गाड्या आणि दहावा हिस्सा पक्षी, अशी अवस्था असते.

आणखी एक गोष्ट. तलावावर दिसणारे प्रत्येक बदक पाहुणे नसते. चोचीच्या टोकाला पिवळा रंग आणि मुळाशी दोन लाल ठिपके असलेले हळदी-कुंकू बदक, शीळ घालत उडणारी अडई आणि छोटे काणूक हे बाराही महिने आपल्या भागात राहणारे आहेत. बातम्यांत मात्र सगळ्यांनाच सायबेरियाचा पासपोर्ट मिळतो.

उचगावकर

वरील प्रतिसादातील खोलीचा मुद्दा मान्य आहे, परंतु रंकाळा असा निकालात काढणे मला पटत नाही. शिकण्यासाठी, विशेषतः लहान मुलांना शिकवण्यासाठी, तो कळंब्यापेक्षा चांगला आहे. तिथले पक्षी माणसांना सरावलेले आहेत. कळंब्यावर वारकरी दुरून काळा ठिपका दिसतो. रंकाळ्यावर तो काठाजवळ आला की त्याची पांढरी चोच, तिला लागून कपाळावर चढलेला पांढरा पट्टा, लालभडक डोळा, आणि नशीब असेल तर दगडावर चढताना त्याची बोटे दिसतात. बदकासारखा सलग पडदा त्या बोटांना नसतो, प्रत्येक सांध्याला वेगळी पाकळी असते. सहावीतल्या मुलीला हे एकदा दाखवा. बदक आणि वारकरी यांत ती पुन्हा कधी गल्लत करणार नाही. रंकाळ्याच्याच परताळा भागाच्या बाजूला गवत आणि पाणवनस्पती आहेत, तिथे जांभळी पाणकोंबडी पाहावी. केंदाळ वाढले की आपण सर्वच जण कुरकुर करतो, आणि ती रास्तही आहे, कारण पाणी पूर्ण झाकले गेले की खालचा प्राणवायू घटतो आणि पोहणाऱ्या पक्ष्यांना जागा उरत नाही. मात्र काठाला असलेला देशी गवताचा आणि लव्हाळ्याचा पट्टाही त्याच झपाट्यात खरवडून काढला, तर पाणकोंबड्यांनी घरटे कुठे करायचे, याचाही विचार व्हावा.

दुसरे असे की, हिवाळी पाहुणे म्हणजे बदके, हा समजच आधी सोडावा. सर्वांत आधी येणारे पाहुणे लहान असतात. ऑगस्टअखेर-सप्टेंबरपासून तुतवार आणि त्यांच्या मागोमाग धोबी येतात. रंकाळ्याच्या फिरण्याच्या वाटेवर शेपटी सतत वरखाली करत पळणारा पांढरा धोबी हिमालयातून किंवा त्याही पलीकडून आलेला असतो, आणि शेकडो माणसे त्याला वळसा घालून जातात. विजेच्या तारांवर ओळीने बसलेल्या माळभिंगऱ्या, ज्वारीच्या शेतावर उतरणारे भोरड्यांचे थवे, पडक्या भिंतीवर किंवा कुंपणावर बसून शेपटी थरथरवणारा कृष्ण थिरथिरा, पाणवठ्याच्या गवतात दडणारा निळ्या गळ्याचा शंकर, हे सगळे थंडीपुरतेच आपल्याकडे असतात. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात माळ, झाडी आणि तलाव तिन्ही जवळजवळ असल्याने यांपैकी बरेच एका फेरीत दिसू शकतात, आणि वडिलांना चालायलाही ते सोयीचे आहे.

पावसाळ्यानंतर प्रयाग चिखली-आंबेवाडीच्या बाजूला नदीकाठच्या शेतांतही डोकावून पाहा. ऊस तुटून रान मोकळे झाले आणि पाणी सोडले की बगळे, शराटी आणि उघड्या चोचीचे करकोचे तिथे उतरतात. शेत कुणाचे तरी असते, तेव्हा बांधावरूनच पाहावे आणि आधी रामराम करावा. बहुतेक शेतकरी स्वतःहून सांगतात की कालपर्यंत पक्षी कोणत्या वावरात होते.

मंगळवारपेठकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आम्ही आजवर कळंब्याला गेलो तेव्हा बांधावरच उभे राहत होतो. आता वरच्या अंगाला जाऊन पाहतो. किनारा आणि जंगल यांविषयी कुणी सांगू शकेल का? वडिलांचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार चढउतार नको.

गगनबावडा मार्गे

किनाऱ्याविषयी मी लिहितो. एका दिवसात नक्की होते, पण रविवार बघून निघण्याऐवजी तिथी बघून निघावे. किनाऱ्यावरचे चिखल्या, तुतवार आणि कुरव (सीगल) यांचा दिवस सूर्यावर चालत नाही, समुद्रावर चालतो. ओहोटीला वाळूचा आणि चिखलाचा पट्टा उघडा पडला की ते दूरवर पांगून खात बसतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना तुमच्याकडे ढकलत आणते, आणि पूर्ण भरतीला ते कोरड्या वाळूवर एकत्र विसावतात. म्हणून ओहोटी संपता संपता पोहोचावे आणि भरती चढत असताना एका जागी बसून राहावे. गुडघ्यांनाही हेच मानवेल.

कोकणात यासाठी जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणले की भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी नऊच्या सुमारास, ओहोटी. कोल्हापूरहून पहाटे निघणाऱ्याला शुद्ध किंवा वद्य तृतीया ते पंचमी हे दिवस म्हणूनच सोयीचे पडतात. शिवाय पौर्णिमा-अमावास्येचे उधाण नुकतेच होऊन गेलेले असल्याने पट्टाही रुंद उघडतो. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात. तेव्हा पाणी फारसे मागे हटत नाही. गावागणिक वेळेत थोडा फरक पडतो, तेव्हा निघण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता पाहून घ्यावा.

गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा घाटाने उतरून देवगडकडे जाता येते, फोंडा घाटाने कणकवलीमार्गे मालवणकडे, आणि आंबा घाटाने रत्नागिरीकडे. जाण्याआधी कोणता घाट वाहतुकीला खुला आहे याची चौकशी करावी. नुसत्या लांबलचक पुळणीपेक्षा खाडीचे मुख निवडावे, कारण नदीने आणलेला गाळ तिथे साचतो आणि त्यात किडे, शंख-शिंपले भरपूर असतात. रत्नागिरीला काजळी नदी जिथे समुद्राला मिळते तो भाट्याचा परिसर हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

ओळखीबाबत एक इशारा. पुस्तकातील चित्रात काळ्या डोक्याच्या कुरवाचे डोके काळे असते, पण तो विणीचा पोशाख आहे. आपल्याकडे हिवाळ्यात त्याचे डोके पांढरे असते आणि डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका उरतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाचेही तसेच. या दोघांत फरक करायचा तर उडताना पंखांची टोके पाहावीत: तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या काळ्या टोकांत पांढरे ठिपके, म्हणजे ‘आरसे’, चमकतात, तर काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखांची पुढची कड पांढरी असते. चिखल्यांच्या बाबतीत मात्र पहिल्या वर्षी हात टेकलेलेच बरे. समुद्री गरुड हा पाहुणा नसून किनाऱ्यावर कायम राहणारा आहे. तो दिसण्यासाठी उंच झाडांच्या शेंड्यांकडे लक्ष ठेवावे.

एक विनंती. काही किनाऱ्यांवर कुरवांना शेव-फरसाण टाकून उडवायचे आणि छायाचित्रे काढायची, अशी पद्धत पडली आहे. मुलीला तिचा मोह होईल, तरी तसे करू नये. तळलेले, खारट पदार्थ हे त्यांचे अन्न नव्हे. विसावलेल्या थव्यावर धावत जाऊन तो उडवणेही टाळावे. भरतीचे काही तास हीच त्यांची विश्रांती असते, आणि मार्चनंतर त्यांना हजारो किलोमीटर उडायचे असते.

दाजीपूरचा रस्ता

राधानगरीबद्दल थोडक्यात. हे अभयारण्य १९५८ साली घोषित झाले आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत त्याचा समावेश झाला. तिथे शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या धरणाचा मोठा जलाशय आहे, म्हणून बदकांच्या अपेक्षेने जाणारे निराश होतात. डोंगरांच्या मधले ते खोल पाणी आहे. वर ज्या उथळ काठाविषयी लिहिले आहे तो तिथे फारसा नाही. जायचे ते झाडीसाठी.

हिवाळ्यात जंगलातील पक्षी मिश्र थव्यांनी हिंडतात. बराच वेळ एक पानही हलत नाही आणि मग एकाएकी निखार, शिलींध्री, नाचण, भृंगराज, वटवटे असे सगळे एकाच वेळी डोक्यावरून जातात. प्रत्येकाचे भक्ष्य आणि ते शोधण्याची जागा वेगळी असल्याने भांडण कमी होते, आणि शिकारी पक्ष्यावर नजर ठेवायला डोळे अधिक मिळतात. तेव्हा फिरण्यापेक्षा वाटेच्या वळणावर थांबावे. तुमच्या वडिलांना हे जमेल. या थव्यांत निळसर हिरवा निलांग आणि राखी कोतवाल हे थंडीचे पाहुणे शोधावेत. उंबर किंवा नांद्रुक फळाला आलेला दिसला तर तिथे बैठक मारावी, कारण मलबारी राखी धनेश आज ना उद्या तिथे येतोच, आणि त्याचे खिदळल्यासारखे ओरडणे तो दिसण्याआधी ऐकू येते.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावण्याचा प्रकार कृपया करू नये. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असे समजून तो खाणे सोडून धावत येतो. पहाटे धुक्यात पायी एकट्याने जाऊ नये, गवे वाटेवरच उभे असतात. वनविभागाच्या नाक्यावर नोंद करून स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावा. एवढे लांब जमणार नसेल तर पन्हाळ्याची तटबंदी गाठावी. तटावर निळा शैल कस्तुर दिसण्याची शक्यता असते, आणि पुढे मसाई पठारावर गवताला घासून उडणारे भोवते व हवेत एका जागी स्थिर राहणारी खरूची हे शिकारी पक्षी शोधावेत; खरूची गाडीच्या जवळपासूनही दिसू शकते.

पाणथळ

दुर्बिणीचा प्रश्न राहिला होता. आठ गुणिले बेचाळीस ही घ्यावी. पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, दुसरा समोरच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापट किंवा त्याहून मोठी घेतली की हाताचा कंपही तेवढाच मोठा होतो आणि दृश्याचा पसारा आक्रसतो. मुलीला उडता पक्षी त्यात सापडणार नाही. दुकानात वीसपट, तीसपट असे आकडे दाखवून जी दुर्बीण पुढे केली जाते ती सरळ नाकारावी. वडिलांना चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी कडा खाली दुमडता किंवा फिरवता येते ना, हे दुकानातच तपासावे.

आणि जे दिसेल ते तारीख, ठिकाण व अंदाजे संख्येसह ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवत जावे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते आणि फेब्रुवारीच्या मध्यावर परसातील पक्ष्यांची चार दिवसांची जागतिक गणना असते. त्या गणनेत किमान पंधरा मिनिटांची यादी चालते, त्यामुळे रंकाळ्यावरची तुमची रविवारची फेरीही त्यात मोजली जाईल. यादीत वारकरी आणि बगळेच असले तरी ती पाठवावी. कळंब्याला जाल तेव्हा सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडा. सकाळी सूर्यासमोर उभे राहिलात तर थापट्याही काळाच दिसेल.