गणपतीत ११ दिवस घर बंद: कुलूप बदलू की कॅमेरा घेऊ?

जुनीचाळ
डोंबिवलीत चार मजली जुनी इमारत, लिफ्ट नाही, पहिल्या मजल्यावर फ्लॅट. गणपतीला कुडाळला जायचंय, ११ दिवस. मजल्यावरची बाकी घरंही तेव्हा गावीच असतात, त्यामुळे जिन्यात चिटपाखरू नसतं. वॉचमन एकच, तो गेटवर. बाहेर लोखंडी जाळीचा सेफ्टी डोअर, त्याला कडी-कोयंडा आणि मोठं कुलूप. आत लाकडी फ्लश डोअरला नाइट लॅच. खिडक्या अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग. हॉल-बेडरूमला ग्रिल आहे, ड्राय बाल्कनीला नाही. पाच-सहा हजारांत आधी काय करावं?

रंधा
नुसतं कुलूप बदलून काही होणार नाही, आधी कोयंडा बघा. घर फोडणारा कुलपाशी झटत बसत नाही. कटावणी कोयंड्यामागे घालतो आणि कोयंडाच उचकटतो. कुलूप कितीही जाड असलं तरी ते कशाला अडकवलंय त्यावर सगळं आहे. तयार कोयंड्याबरोबर येणारे स्क्रू जेमतेम पाऊण इंची असतात. पावसाळ्यात चौकट फुगते, उन्हाळ्यात आकसते, भोकं सैल होतात, आणि मग हे स्क्रू दोन हिसक्यांत बाहेर येतात.

लोखंडी दरवाजावर लटकतं कुलूप काढून टाका आणि आतून बसणारं, बाहेरून फक्त किल्लीचं भोक दिसणारं तीन दांड्यांचं कुलूप लावा. कटावणीला पकड मिळत नाही, आणि घरात माणूस आहे की नाही हे जिन्यातून कळतही नाही. वेल्डर बोलावलाच आहे तर बिजागऱ्या बघून घ्या. हा दरवाजा बाहेर उघडत असेल तर बिजागरीची पिनही बाहेरच असते, खालून ठोकली की वर निघते. पिनेला वर-खाली वेल्डिंगचा एकेक टाका मारून घ्या. चौकट धरून जोरात हलवूनही पाहा. भिंतीत खडखडत असेल तर आधी ती सिमेंटने पक्की करा, नाहीतर बाकीचा खर्च वाया.

आतल्या दरवाजाला नाइट लॅचची जीभ ज्या पट्टीत जाते, तिचे स्क्रू काढून अडीच इंची घाला. आधी ३ मिमीचं भोक पाडा, नाहीतर जुनं सागवान चिरतं. भोकं सैल झाली असतील तर लाकडाच्या खुंट्या फेव्हिकॉल लावून ठोका, रात्रभर वाळू द्या, मगच स्क्रू. आणि दार नुसतं ओढून घेऊन जाऊ नका. तशी जीभ फक्त स्प्रिंगवर असते, फटीतून कडक प्लास्टिकची पट्टी सरकवली की मागे जाते. बाहेरून किल्लीचा जादा फेरा द्या. दार उघडं ठेवून फेरा देऊन पाहा, अंगठ्याने दाबल्यावर जीभ आत जाता कामा नये. जात असेल तर लॅच बदला.

खिडकीवाला
ड्राय बाल्कनी हीच तुमची खरी अडचण आहे. पहिला मजला आणि शेजारून जाणारे ड्रेनेजचे पाइप, म्हणजे वर यायला शिडीच. स्लायडिंगचा खटका लावला तरी पल्ला वर उचलून ट्रॅकमधून काढता येतो, कारण बसवण्यासाठी वर जागा सोडलेली असते. वरच्या ट्रॅकमध्ये आतल्या बाजूने दोन स्क्रू असे घाला की डोकी खाली राहतील आणि पल्ला सरकेल पण उचलला जाणार नाही. खालच्या ट्रॅकमध्ये मापाची लाकडी पट्टी आडवी टाका. ग्रिल करणार असाल तर १० मिमीचा चौकोनी बार घ्या आणि ते भिंतीत पक्कं करा. खिडकीच्या फ्रेमला बाहेरून स्क्रूने लावलेलं ग्रिल स्क्रूड्रायव्हरने सुटतं. संडास-बाथरूमच्या काचेच्या पट्ट्याही बघा, त्या खाचेतून सरकवून निघतात. दोन्ही टोकांना सिलिकॉन लावा.

जाण्याआधी बाल्कनीच्या मोरीची जाळी साफ करा. भाद्रपदात जाळी तुंबली की पाणी हॉलमध्ये येतं.

जुनीचाळ
दोघांचेही आभार. म्हणजे कॅमेरा नकोच? आणि मेन स्विच बंद करून जायचं का?

फेज_न्यूट्रल
दार आणि बाल्कनी झाल्यावर पैसे उरले तर कॅमेरा. मेन बंद केला तर राउटर बंद, म्हणजे कॅमेराही आंधळा. गीझर, एसी, वॉशिंग मशीन यांचे एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डावरचे वेगवेगळे खटके) पाडा, फ्रिज आणि राउटरचे चालू ठेवा. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, वीज गेली तरी तो काही तास चालतो. कॅमेऱ्यालाही त्याच्या व्होल्टेजचा बॅकअप लागेल, नाहीतर राउटर चालू आणि कॅमेरा बंद. कॅमेरा आतून मुख्य दाराकडे तोंड करून, हात पोचणार नाही इतका उंच. नुसत्या मेमरी कार्डावर विसंबू नका, कॅमेराच उचलून नेला तर कार्डही जातं. दिवा २४ तास चालू ठेवणं उलट चुकीचं, भर दुपारी दिसतो. टायमर लावून संध्याकाळी ७ ते ११ ठेवा.

सिलिंडरचा रेग्युलेटर काढून टोपी लावा, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. दूध-पेपर फोन करून बंद करा, दाराला चिठ्ठी नको. किल्ली मीटर बॉक्समध्ये किंवा कुंडीखाली नको. इमारतीत गावी न जाणारं एखादं घर असेलच, त्यांच्याकडे द्या आणि एक दिवसाआड दारापर्यंत चक्कर मारायला सांगा.

पॉलिसी_वाचा
दागिने तांदळाच्या डब्यात किंवा देवघराखाली नकोत. या जागा सगळ्यांना ठाऊक आहेत. बँकेचा लॉकर घ्या. बँकेत आग, चोरी, दरोडा झाला किंवा कर्मचाऱ्याने फसवणूक केली तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत असते. हा नियम १ जानेवारी २०२२ पासून आहे. भाडं २,००० असेल तर मर्यादा २ लाख, त्यामुळे सोनं जास्त असेल तर वेगळा विमा काढा.

घराच्या विम्याची 'भारत गृह रक्षा' पॉलिसी असेल तर ती घरफोडीसाठी आहे असं समजू नका. आग, पूर अशा घटनेमुळे झालेली चोरीच, तीही घटनेपासून ७ दिवसांच्या आत, तिच्यात धरली जाते. घरफोडीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, आणि त्यात घर सलग किती दिवस बंद राहिलेलं चालतं ते कलम वाचून घ्या. दागिन्यांचे फोटो, बिलं, टीव्ही-लॅपटॉपचे सीरियल नंबर मोबाइलबरोबर मेलवरही ठेवा.

परत आल्यावर दार उचकटलेलं दिसलं तर आत जाऊ नका, कशाला हात लावू नका, जिन्यातूनच ११२ लावा. ठशांसाठी कपाटं जशी आहेत तशीच राहू द्यावी लागतात, पंचनामा होईपर्यंत आवराआवर नको. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. क्लेमला तीच लागते.