स्टिल लाइफमध्ये माणूस असला तर मराठीत काय म्हणायचं?

फिरस्ती: एका कॅप्शनचं मराठी करतेय आणि अडकलेय. चित्र १७८३ चं, दक्षिण अमेरिकेतल्या किटोच्या विसेन्ते अल्बान या चित्रकाराचं, सहा चित्रांच्या संचातलं, माद्रिदच्या म्युझियममध्ये असतं. पुढे ही मोठाली फळं, त्यांना अक्षरं टाकलीयत आणि अक्षरांप्रमाणे नावांची यादी, आणि मधे नटलेली एक बडी बाई नि शेजारी तिची गुलाम बाई. स्टिल लाइफला, म्हणजे मांडलेल्या वस्तूंच्या चित्राला, मी ‘स्थिरचित्र’ लिहिलं तर एडिटर म्हणतो माणसं कशी स्थिर?

ब्रशवाला: इंटरमिजिएटला स्थिरचित्र असा पेपरच असायचा की. आमच्या वेळी तांब्या, वांगी आणि दोन केळी मांडलेली, पुढच्या बाकावरच्याने मधल्या वेळात एक केळं खाल्लं, अर्ध्या वर्गाच्या चित्रात दोन आणि अर्ध्यांच्या एक.

तिरकस: मग वस्तुचित्र म्हणा, विषय संपला.

फिरस्ती: अहो त्यात गुलाम बाई आहे, तिला वस्तू म्हणणं म्हणजे मालकिणीचीच री ओढणं!

मोडीवाचक: गुलाम कशाला? पेशवाईतल्या कागदांत विकत घेतलेल्या बाईला कुणबीण म्हणतात, बटीकही आहे. त्याच शतकातले शब्द.

तिरकस: आज कुणबीण लिहिलंत तर लोक कुणब्याची बायको समजतील. गुलामच बरं.

मोडीवाचक: गुलाम अरबी आहे.

तिरकस: आणि तुमचा कागद काय सदाशिव पेठेतला?

ब्रशवाला: मूळ मुद्दा राहिला. फ्रेंचमध्ये नातूर मोर्त, म्हणजे मेलेला निसर्ग. पण स्पॅनिशमध्ये बोदेगोन, मूळ अर्थ साधी खानावळ, आणि स्पॅनिश चित्रकार वेलाझकेझची १६१८ ची अंडी तळणारी म्हातारी पण बोदेगोनच. म्हणजे माणूस चालतो.

फिरस्ती: हो पण मराठीत काय लिहू, खानावळचित्र?

मांडवीकर: अमेरिकेतली फळं म्हणजे आपलीच की, पपई, अननस, काजू, नावंसुद्धा पोर्तुगिजांबरोबर आली. पेरू तर थेट देशाच्या नावावरून.

मोडीवाचक: देशाचा काय संबंध? पोर्तुगीज पेरा म्हणजे नासपती, त्यावरून. गोव्यात अजून पेरच म्हणतात.

वऱ्हाडी ठेचा: आमच्याइकडे पेरूले जामच म्हनतात. मुंबईत जाम मागतला तं त्यानं पांढरं पाणचट काहीतरी हातात देलं, वरून पैसे घेतले.

मांडवीकर: अहो तोच खरा जाम!

फिरस्ती: मंडळी, कॅप्शन उद्या द्यायचीय.

वऱ्हाडी ठेचा: देऊ न ताई. पहिले सांगा, त्या चित्रात जाम हाये का, अन् आतून लाल का पांढरा?