काळ्या जमिनीवर शेड असेल तर

वर्कशॉपच्या शेडची फरशी कशी करावी, तर ‘मातीवर सरळ 4 इंची काँक्रीट ओता अन् ड्रिल मशीन उभी करा’ असं काही जण सांगतात. ते कोकणात जांभ्या दगडावर चालून जाईल, आपल्या काळ्या जमिनीत नाही. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, तोच खेळ शेडखालीही चालतो. कडेची माती भिजते, मधली कोरडीच राहते. मग फरशी कडेनं उचलते अन् मधोमध चीर जाते. आमच्या गावातल्या एका वेल्डिंगवाल्याचं शटर दर पावसाळ्यात अडकतं ते यापायीच.

निदान दोन-अडीच फूट काळी माती काढून मुरूम भरा, 6-6 इंचांचे थर, पाणी मारून, धुम्मस करून (ठोकून घट्ट बसवून). नुसती वाळू नको, तिच्यातून पाणी थेट खालच्या काळीत उतरतं. शेडभोवती 3 फूट फरसबंदी बाहेरच्या उतारानं केली की पत्र्याचं पाणी पायाशी मुरत नाही. (मुरमाच्या ट्रॉल्या महाग वाटतात, पण फरशी फोडून पुन्हा करणं त्याहून महाग.) अन् व्हाइसच्या (काम पकडून ठेवायच्या शिकंजाच्या) टेबलाचे पाय काँक्रीटमध्ये गाडू नका, खाली बोल्ट-नट ठेवले तर लेव्हल पान्यानं जुळवता येते.