इस्ट्रोजेन कसं घ्यावं? माझं मत जेलच्या बाजूने

शेवंती:
आमच्यातल्या एका पारलिंगी पोरीला इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-संप्रेरक, सुरू करायचंय. डॉक्टरांनी विचारलं, गोळी लिहून देऊ की त्वचेवर लावायचं जेल? ती २४ वर्षांची, आत्ता कुठे सुरुवात करतेय. तिने आम्हा पाचजणींना विचारलं, तर पाच उत्तरं आली. म्हणून हा धागा.

माझं मत स्पष्ट आहे. पारलिंगी बाईने पहिल्या दिवसापासून जेलच लावावं. गिळलेली गोळी आधी यकृतात जाते आणि यकृत रक्त गोठवणारी प्रथिनं जास्त बनवायला लागतं. त्वचेतून गेलेलं इस्ट्राडिओल, म्हणजे शरीरातलं मुख्य इस्ट्रोजेन, थेट रक्तात उतरतं. ॲमस्टरडॅमच्या क्लिनिकचा अनुभव बघा. तिथे गोळ्या घेणाऱ्यांना पायात, फुप्फुसात गुठळ्या होण्याचं प्रमाण फार होतं. चाळिशीपुढच्यांना त्वचेवरचं इस्ट्राडिओल द्यायला लागल्यावर ते खूप खाली आलं. पारलिंगी आरोग्यासाठी काम करणाऱ्या डब्ल्यूपाथ या संस्थेची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वंही ४५च्या पुढच्यांना आणि आधी गुठळी झालेल्यांना त्वचेचाच मार्ग सुचवतात. मग ४५ची वाट कशाला बघायची?

आडवाट:
असहमत, शेवंतीताई. ॲमस्टरडॅमची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. त्या गोळीत इथिनिल इस्ट्राडिओल हे कृत्रिम इस्ट्रोजेन होतं, तेही रोज १०० मायक्रोग्रॅम. आज डॉक्टर लिहून देतात ते इस्ट्राडिओल व्हॅलरेट. पोटात गेल्यावर त्याचं आपलं नैसर्गिक इस्ट्राडिओलच होतं. डच संशोधकांनीच २००३ मध्ये दाखवलं की रक्त गोठण्यातला तो मोठा बदल इथिनिलच्या रेणूच्या घडणीमुळे होता, नुसत्या यकृतातून जाण्यामुळे नव्हता. दोन वेगळी औषधं एका तराजूत घालू नका.

आणि जेल लावायचं कुठे? मी चौघींच्या खोलीत राहायचे. दंड उघडा टाकून जेल वाळेपर्यंत थांबायला दार लावता येईल अशी जागा लागते. सुट्टीत घरी गेले की तीन वर्षांचा भाचा अंगावर लोळायचा. लावलेल्या जागेला त्याचा हात लागू नये म्हणून मी त्याला दूर ढकलायचे आणि तो रडायचा. शेवटी दिवसाआड लावायला लागले, मग आठवड्यातून दोनदा. गोळी पर्समध्ये राहते, स्वस्त पडते आणि कुणाला काही सांगावं लागत नाही. चुकवलेल्या जेलपेक्षा रोज घेतलेली गोळी बरी.

शेवंती:
इथिनिलचा मुद्दा मान्य, तिथे माझी चूक झाली. पण फ्रान्समध्ये पाळी गेलेल्या बायकांचा मोठा अभ्यास झालाय. त्यात तोंडावाटे इस्ट्रोजेन घेणाऱ्यांमध्ये गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसला, त्वचेवाटे घेणाऱ्यांमध्ये नाही. त्याला काय म्हणाल?

आडवाट:
त्या बायका ४५ ते ७० वयाच्या होत्या. तुमची पोरगी २४ची. तिचा मुळातला धोकाच कमी, तो थोडा वाढला तरी कमीच राहतो. ती सिगारेट ओढते का, घरात कुणाला गुठळी झाली होती का, हे आधी विचारा.

सांजवेळ:
मी इस्ट्राडिओलच्या इंजेक्शनवाली. दोन वर्षं गोळी घेऊन माझं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, ५०च्या (नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली आलं नव्हतं. आठवड्याचं इंजेक्शन सुरू केलं आणि पुढच्या तपासणीत आलं. पण त्यासाठी इस्ट्राडिओल १०० ते २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या पलीकडे नेऊ नका. आमच्यात काही मुली '४०० झालं' म्हणून आनंदाने सांगतात, मला भीती वाटते. स्तनांची वाढ दोन-तीन वर्षं घेते, जास्त डोसाने ती लवकर होत नाही. रक्त दोन इंजेक्शनांच्या मधोमध द्या, नाहीतर आकडा फसवतो. माझी तक्रार एकच. आमच्या शहरात हे इंजेक्शन दोनदा दुकानांतून गायब झालं. तेव्हा गोळीवरच परतावं लागलं.

चंद्रकोर:
मी तृतीयपंथीयांच्या डेऱ्यात, गुरूच्या घरात वाढले. आमच्याकडे गोळी की जेल असा प्रश्नच कधी आला नाही. आमच्याकडे माला-डी, ती गर्भनिरोधक गोळी. कुणीतरी मोठी सांगते 'दोन घे, लवकर फरक पडेल', मग पोरी चार घेतात. एका गोळीत ३० मायक्रोग्रॅम तेच इथिनिल, सोबत लेव्होनॉरजेस्ट्रेल, जे थोडंफार पुरुषी संप्रेरकासारखंच वागतं. माझी एक गुरुबहीण पाय सुजून वारली. कशाने ते कुणी तपासलंच नाही. मी इस्ट्राडिओलच्या गोळीच्या बाजूने आहे, कारण माला घेणाऱ्या पोरीला 'ही सोड, ही धर' एवढं सांगता येतं. जेल सांगितलं तर ती उठून जाते.

शेवंती:
चंद्रकोरताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

आडवाट, तिला विचारलं. ती दिवसाला सात-आठ सिगारेटी ओढते आणि तिच्या आईच्या पायात बाळंतपणानंतर गुठळी झाली होती. तिच्यासाठी मी जेलवर ठाम आहे आणि तिच्या डॉक्टरांना हे दोन्ही सांगायला लावलंय. बाकी सगळ्यांसाठी 'पहिल्या दिवसापासून जेलच' हे माझं वाक्य मी मागे घेते.

ताई, डेऱ्यातली कुणी माला सोडायला तयार असेल तर मला निरोप द्या. मी तिच्यासोबत डॉक्टरांकडे येईन, बाहेरच्या बाकावर तिला एकटीला बसावं लागणार नाही.