नेटवर्क ड्राइव्ह लिनक्सला कायमचा जोडताना

नेटवर्कवरील ड्राइव्ह लिनक्स संगणकाला कायमचा कसा जोडावा, या प्रश्नावर एफएसटॅब फाइलमध्ये (संगणक सुरू होताना कोणते ड्राइव्ह जोडायचे याची यादी असलेल्या फाइलमध्ये) एक ओळ लिहावी, असा सल्ला दिला गेला आहे आणि तो योग्यच आहे. मात्र ड्राइव्ह बंद असला की संगणक सुरू होताना अडकतो, ही मूळ प्रश्नकर्त्यांची अडचण तेवढ्याने सुटत नाही. त्या ओळीत 'नोफेल' आणि 'एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट' हे दोन पर्याय घातल्यास ड्राइव्ह उपलब्ध नसला तरी संगणक सुरू होतो आणि प्रत्यक्ष जोडणी त्या फोल्डरमध्ये प्रथम प्रवेश केल्यावरच होते. वाय-फायवरील लॅपटॉपसाठी तर मी हे पर्याय अत्यावश्यक मानतो, कारण तेथे नेटवर्क बहुधा लॉगिननंतरच मिळते.

पासवर्ड मात्र त्या ओळीत कृपया लिहू नये. एफएसटॅब फाइल सर्वसाधारणपणे संगणकावरील प्रत्येक वापरकर्त्याला वाचता येते. म्हणून तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवून, तिची मालकी रूटकडे (म्हणजे प्रशासक खात्याकडे) व परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवावी आणि 'क्रेडेन्शियल्स' या पर्यायाने तिचा मार्ग द्यावा.

ड्राइव्ह जुना असेल, तर तो न जोडला जाण्याचे आणखी एक कारण संभवते. २०१७ मधील कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.१३ पासून एसएमबी या नेटवर्कवर फाइल देवाणघेवाणीच्या पद्धतीची पहिली आवृत्ती आपोआप वापरली जात नाही. 'व्हर्स=१.०' लिहून जोडणी साधता येते, परंतु ती आवृत्ती असुरक्षित असल्याने आधी ड्राइव्हचे फर्मवेअर (त्यातील अंगभूत सॉफ्टवेअर) अद्ययावत करून पाहावे.