तेल-वायू कंपन्यांचे समभाग स्वस्त आहेत, की त्यांची योग्य किंमतच एवढी आहे? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

जमाखर्च

तेल आणि वायू कंपन्यांच्या समभागांविषयी एक युक्तिवाद वारंवार वाचनात येतो. या कंपन्यांच्या हाती भरपूर रोकड येते, त्या नेमाने लाभांश देतात, स्वतःचेच समभाग बाजारातून परत विकत घेतात, आणि तरीही इतर उद्योगांच्या मानाने नफ्याच्या बऱ्याच कमी पटीने (म्हणजे समभागाची किंमत वर्षाच्या नफ्याच्या किती पट, या मापाने) त्यांचे समभाग मिळतात; तेव्हा बाजार चुकतो आहे आणि आज घेणाऱ्याचे भले होईल, असा त्याचा निष्कर्ष असतो. मला तो पटत नाही.

कारखान्याचा नफा आणि तेलक्षेत्राचा नफा एका जातीचे नसतात. कारखाना वर्षभर चालून वर्षअखेरीस जवळपास जसाच्या तसा उभा असतो. तेलक्षेत्रातून उपसलेले पिंप मात्र कायमचे गेलेले असते, त्यामुळे ज्याला आपण नफा म्हणतो त्यातला बराचसा भाग ही आपल्याच भांडवलाची परतफेड असते. हिशेबात घसारा धरला जातो हे खरे, पण तो पूर्वी झालेल्या खर्चावर धरतात. संपलेल्या पिंपाच्या जागी नवे पिंप शोधून काढायला आज काय लागेल, याचा त्यात विचार नसतो.

शिवाय पट कोणत्या वर्षाच्या नफ्याची लावायची? एक्सॉनमोबिल या अमेरिकी तेल कंपनीला २०२० मध्ये सुमारे २२ अब्ज डॉलरचा तोटा झाला आणि २०२२ मध्ये ५५.७ अब्ज डॉलरचा नफा झाला. कंपनी तीच, जमिनीखालचा खडकही तोच. भाव शिखरावर असताना हे समभाग नेहमीच स्वस्त दिसतात आणि नेमक्या त्याच वेळी ते घेणे महागात पडते. कंपन्यांचे स्वतःचे निर्णयही याच भ्रमात फसलेले आहेत. याच कंपनीने २०१० मध्ये एक्सटीओ ही वायू कंपनी कर्जासह सुमारे ४१ अब्ज डॉलरना घेतली. पुढे शेल खडकातील वायूचा पूर आला, भाव कोसळले आणि २०२० च्या अखेरीस १९ अब्ज डॉलरहून अधिक किमतीच्या मालमत्तांचे निर्लेखन करावे लागले, म्हणजे हिशेबातली त्यांची किंमत उतरवावी लागली. त्यात एक्सटीओकडून आलेल्या वायू मालमत्तांचा मोठा वाटा होता.

अमेरिकी शेअर बाजाराच्या एस अँड पी ५०० निर्देशांकात १९८० च्या सुमारास ऊर्जा कंपन्यांचे वजन चौथ्या हिश्शाहून अधिक होते, ते २०२० मध्ये सुमारे २ टक्क्यांवर आले. हा केवळ रुसवा नव्हता. मिळेल तो पैसा नव्या विहिरींत ओतणाऱ्या व्यवस्थापनांवरचा भागधारकांचा विश्वास उडाला होता. म्हणून खर्चाला लगाम घालून रोकड भागधारकांना परत देण्याचा आजचा कल मला योग्य वाटतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२५ मध्ये जगभरात ऊर्जेत होणाऱ्या सुमारे ३.३ लाख कोटी डॉलरच्या गुंतवणुकीपैकी २.२ लाख कोटी डॉलर वीजजाळी, अक्षय ऊर्जा, अणुऊर्जा, साठवण आणि ऊर्जाबचत यांकडे जाणार होते, तर तेल, वायू आणि कोळसा यांच्या वाट्याला १.१ लाख कोटी. ज्या उद्योगाचे भवितव्य आखूड आहे त्याची किंमतही आखूडच असणार.

दीर्घपल्ला

आपल्या शेवटच्या वाक्याशीच माझा वाद आहे. भवितव्य आखूड म्हणून किंमत कमी, हे ऐकायला सरळ वाटते. हिशेब मांडला की ते टिकत नाही.

एखादे क्षेत्र ३० वर्षे दरवर्षी १०० डॉलर देते असे समजू. पुढे मिळणाऱ्या पैशाचे आजचे मूल्य काढण्यासाठी या धंद्यात सर्रास वापरला जाणारा १० टक्के वटाव दर लावला तर त्या साऱ्या रकमांचे आजचे मूल्य सुमारे ९४३ डॉलर होते. त्यातले ७६१ डॉलर पहिल्या १५ वर्षांतूनच येतात, म्हणजे पाचांतले चार हिस्से. प्रत्यक्षात उत्पादन दरवर्षी घटते, त्यामुळे हा हिस्सा आणखी वाढतो. शेल खडकातल्या विहिरीत तर पहिल्या वर्षातच उत्पादन निम्म्याहून खाली येते आणि तिची किंमत पहिल्या काही वर्षांतच वसूल होते. तेव्हा २०४५ नंतर तेलाची मागणी उरेल की नाही, यावर आजच्या मूल्यांकनाचा फारच थोडा भाग अवलंबून आहे. मागणी संपेल म्हणून साठे जमिनीखाली अडकून पडतील, ही भीती पिंपांच्या संख्येविषयी आहे. मूल्य मात्र पुढच्या दहा-पंधरा वर्षांतल्या भावावर ठरते.

आणि त्या भावाविषयी मला आपल्याइतकी निराशा वाटत नाही, कारण चालू क्षेत्रे स्वस्थ बसलेली नाहीत. ती आटत आहेत. याच ऊर्जा संस्थेने सप्टेंबर २०२५ मध्ये मांडले की २०१९ पासून तेल-वायू उत्खननात झालेल्या गुंतवणुकीपैकी जवळजवळ ९० टक्के रक्कम केवळ जुन्या क्षेत्रांतली घट भरून काढण्यात खर्च झाली, आणि शिखर ओलांडलेल्या पारंपरिक तेलक्षेत्रांतले उत्पादन दरसाल सरासरी ५.६ टक्क्यांनी घटते. २०२१ मध्ये हीच संस्था सांगत होती की २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठायचे तर आधीच मंजूर झालेल्यांखेरीज नव्या तेल-वायू क्षेत्रांची गरज नाही. दोन्ही विधानांत विरोध नाही, कारण २०२१ चे विधान मागणी झपाट्याने घटेल या अटीवर उभे होते. परंतु मागणी तशी घटलेली नाही, आणि गुंतवणूक मात्र ती घटणारच असे धरून आखडती राहिली. टंचाई अशीच तयार होते.

२०२० चा उन्हाळा आठवावा. त्या वर्षी २० एप्रिलला अमेरिकी तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. जूनमध्ये बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने दीर्घ मुदतीसाठी ब्रेंट या प्रमाणभूत तेलाचा सरासरी भाव ५५ डॉलर गृहीत धरून १३ ते १७.५ अब्ज डॉलरच्या निर्लेखनाची घोषणा केली आणि ऑगस्टमध्ये २०३० पर्यंत उत्पादन ४० टक्क्यांनी घटवण्याचे ठरवले. दोनच वर्षांत ब्रेंट १२० डॉलरच्या वर गेले. २०२३ मध्ये ते लक्ष्य २५ टक्क्यांवर आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बीपीने तेल-वायूवरचा वार्षिक खर्च सुमारे १० अब्ज डॉलरपर्यंत वाढवण्याचे जाहीर केले. मधल्या काळात स्वस्त भावात गुंतवणूक करण्याची संधी गेली ती गेलीच. ज्याला आपण शिस्त म्हणता, तिची ही किंमत आहे.

खडकवाचक

साठ्यांचे अहवाल तयार करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून एका गृहीतकाकडे लक्ष वेधतो. आपण दोघेही साठे ही ठरलेली वस्तू धरून तिची किंमत किती यावर वाद घालत आहात. परंतु साठा ही भूगर्भातील वस्तू जितकी आहे, तितकीच ती भावाने ठरणारी गोष्ट आहे.

प्रत्येक विहिरीच्या उत्पादनाची रेषा उतरत जाते. एका दिवशी विहिरीचे उत्पन्न तिच्या रोजच्या खर्चाहून कमी होते आणि तिथे आम्ही रेषा तोडतो. त्यापलीकडे खडकात तेल असले तरी ते साठ्यांत मोजले जात नाही. भाव खाली आला की हा तोडीचा बिंदू अलीकडे सरकतो. मी एका अहवालात एकाच क्षेत्राचे आयुष्य भावातल्या फरकापायी दहा वर्षांनी कमी झालेले पाहिले आहे, आणि त्या वर्षभरात तिथे भूगर्भाविषयी नवी माहिती काहीही आलेली नव्हती. मोठे उदाहरण हवे असेल तर २०१६ च्या अखेरीस एक्सॉनमोबिलने कॅनडातील अल्बर्टा प्रांताच्या कर्ल तेलवाळूतले (वाळूत मिसळलेल्या घट्ट तेलाचे) सुमारे साडेतीन अब्ज पिंप सिद्ध साठ्यांतून, म्हणजे चालू भावाला काढणे परवडेल अशी खात्री असलेल्या साठ्यांतून, वगळले. वाळू कुठे गेली नव्हती. अमेरिकी नियमांनुसार सिद्ध साठे वर्षातल्या प्रत्येक महिन्याच्या पहिल्या दिवसाच्या भावांच्या सरासरीवर काढावे लागतात, आणि त्या सरासरीला तो प्रकल्प परवडत नव्हता.

म्हणजे भाव पडला की गुंतवणूकदाराला दुहेरी मार बसतो: पिंपामागचा नफा कमी होतो आणि पिंपेही कमी होतात. एका पिंपाचा सारा खर्च ४५ डॉलर आणि भाव ६५ असेल तर नफा २० डॉलर उरतो. भाव ५५ झाला, म्हणजे जेमतेम १५ टक्क्यांनी उतरला, तरी नफा निम्मा होतो, आणि वर रेषाही आधीच तुटते. दीर्घपल्ला यांचा ९४३ डॉलरचा हिशेब बरोबर आहे, परंतु त्यातले दरवर्षीचे १०० डॉलर हेच सर्वांत नाजूक गृहीतक आहे.

आणखी एक जागा सांगतो, जिथे नवखे गुंतवणूकदार हमखास चुकतात. कंपन्या वायूचे रूपांतर तेलाच्या पिंपांत करून एकत्र आकडा देतात. ६,००० घनफूट वायू म्हणजे एक पिंप. हे प्रमाण उष्णतेचे आहे, पैशाचे नाही. हजार घनफुटांना ३ डॉलर भाव असेल तर त्या वायूरूपी पिंपाचे १८ डॉलर येतात. ज्या कंपनीचे निम्म्याहून अधिक साठे वायूचे आहेत, तिची पिंपामागची किंमत तेल कंपनीशी ताडून ती स्वस्त ठरवणे ही ढोबळ चूक आहे.

मोजणाऱ्यांची मजल कुठवर जाते याचेही उदाहरण आहे. शेल या तेल कंपनीने जानेवारी २००४ मध्ये आपल्या सिद्ध साठ्यांपैकी सुमारे ३.९ अब्ज पिंप, म्हणजे जवळपास पाचवा हिस्सा, सिद्ध या वर्गातून काढून टाकले आणि दोन महिन्यांत अध्यक्षांना पद सोडावे लागले.

तळटीप

वरच्या चर्चेत मोठ्या खरेदीव्यवहारांचा मुद्दा पुरेसा आला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये एक्सॉनमोबिलने पायोनियर ही तेल कंपनी घेण्यासाठी सुमारे ५९.५ अब्ज डॉलरचा आणि शेव्हरॉनने हेस ही तेल कंपनी घेण्यासाठी ५३ अब्ज डॉलरचा प्रस्ताव दिला, आणि दोन्ही व्यवहार रोखीऐवजी समभागांत ठरले. नव्या जागी शोध घेण्यापेक्षा दुसऱ्याचे सापडलेले तेल विकत घेणे या कंपन्यांना स्वस्त वाटते, हाच मुळात त्यांचे समभाग स्वस्त असल्याचा पुरावा नाही का?

जमाखर्च

तळटीप यांना आधी उत्तर देतो. समभागांत व्यवहार केल्याने भावाचा धोका दोघांत वाटला जातो हे खरे, परंतु एक्सटीओचा व्यवहारही समभागांतच झाला होता आणि त्याने खरेदीदाराचे नुकसान टळले नाही. घेणाऱ्यांनी सौदा केला एवढ्यावरून तो स्वस्त होता असे ठरत नाही.

दीर्घपल्ला यांचा वटावाचा मुद्दा मला मान्य करावा लागेल. वीस वर्षांनंतरच्या मागणीवरून आजची किंमत पाडणे चूक होते, आणि माझे शेवटचे वाक्य मी मागे घेतो. परंतु तोच वटाव उलट बाजूलाही चालतो, याकडे त्यांनी दुर्लक्ष केले आहे. विहीर संपली की ती सिमेंटने बुजवावी लागते, समुद्रातला तेल उपसण्याचा फलाट उतरवावा लागतो, जमीन पूर्ववत करावी लागते. २५ वर्षांनी येणाऱ्या १०० डॉलरच्या अशा खर्चाचे १० टक्के दराने आजचे मूल्य केवळ ९ डॉलर दिसते. खडकवाचक सांगतात तसा भाव पडून तोडीचा बिंदू दहा वर्षे अलीकडे आला, तर तोच खर्च १५ वर्षांवर येतो आणि त्याचे मूल्य २४ डॉलर होते. उत्पन्न घटते त्याच वेळी देणे अडीच पटीहून अधिक फुगते. मोठ्या कंपन्या म्हाताऱ्या विहिरी छोट्या कंपन्यांना विकतात तेव्हा हे देणेही बहुधा सोबत जाते, आणि छोटी कंपनी बुडाली तर विहीर उघडीच राहून तिचा खर्च जनतेच्या माथी येतो. नफ्याच्या पटीत हे कुठेच दिसत नाही, आणि मला या साऱ्या व्यवहारात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

दीर्घपल्ला

विहिरी बुजवण्याच्या देण्याविषयी मी आपल्याशी सहमत आहे. ते कमी वटाव दराने, वेगळे मोजले पाहिजे, आणि त्यामुळे काही जुन्या, समुद्रातल्या मालमत्तांची किंमत शून्याखालीही जाईल. परंतु हा सर्व कंपन्यांना सारखा लागणारा दोष नाही. कमी खर्चाची, तरुण क्षेत्रे असलेली कंपनी आणि विझत्या क्षेत्रांची कंपनी यांना बाजार बहुतेक वेळा एकाच मापाने मोजतो, आणि माझी गुंतवणूक त्या फरकावरच बेतलेली आहे. आपण दीर्घ मुदतीचा भाव किती धराल ते सांगावे. मी ६५ डॉलर धरतो. ५५ डॉलरलाही जी कंपनी लाभांश आणि विहिरी बुजवण्याचा खर्च दोन्ही स्वतःच्या रोकडीतून भागवू शकते, तीच मी घेतो.

जमाखर्च

मी ५५ धरतो, आणि ४५ ला कंपनी तग धरते का ते पाहतो. आपल्या कसोटीतून जितक्या कंपन्या पार पडतील त्यांतल्या फार थोड्या माझ्या कसोटीला उतरतील. ज्या उतरतील त्या मलाही स्वस्त वाटतील, हे मात्र मान्य करतो.